खानेसुमारीतून निसटलेला माणूस

जुन्या मराठी घरांच्या वंशावळीत एखादी फांदी हटकून मध्येच थांबलेली असते. बाकीच्या भावांची लग्ने, मुले, नातवंडे सगळी लिहिलेली आणि एका नावापुढे फक्त एक शब्द, "परांगदा". कधी तोही नसतो. आजीला विचारले तर ती एवढेच सांगते, "रागावून घरातून निघाले ते आलेच नाहीत." किंवा "बोटीवर गेले", "बसऱ्याच्या लढाईत गेले", "प्लेगच्या साली मुंबईला होते, पुढे काही कळले नाही".

मागे राहिलेल्या बायकोबद्दल मात्र कुणी फारसे बोलत नाही. नवरा आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या बाईने कुंकू लावायचे की पुसायचे, हा प्रश्न त्या घरात रोज सकाळी उभा राहत असणार. शास्त्राने बारा वर्षे वाट पाहायला सांगितली होती. त्यानंतर पालाशविधी करायचा, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करायचे आणि विषय मिटवायचा. घराने तो मिटवला, तरी तीन पिढ्यांनंतर एखादी नात किंवा पणतू विचारतोच, "पण ते गेले कुठे?"

हल्ली हा प्रश्न विचारणारी मुले थेट संगणकापुढे बसतात. परदेशी कार्यक्रमात त्यांनी पाहिलेले असते की एखादा इंग्रज नट आपल्या खापरपणजोबांचे नाव, वय, धंदा आणि घरातल्या मोलकरणीचे गावसुद्धा १८८१ च्या खानेसुमारीत वाचतो आणि डोळे पुसतो. मग त्यांना वाटते, आपल्याकडेही १८८१ साली खानेसुमारी झालीच होती, इंग्रजांनीच केली होती, मग आपले खापरपणजोबाही तिच्यात असतील. ही अपेक्षा चूक नाही. ते तिच्यात होतेच. त्यांचे नाव लिहिले गेले होते आणि नंतर ते कागद टाकून दिले गेले. आपल्या शोधाची सगळी अडचण आणि सगळी दिशा या एका गोष्टीत आहे.

"जनगणना" हा शब्द आता रुळला. आपले पणजोबा "खानेसुमारी" किंवा "शिरगणती" म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. संपूर्ण हिंदुस्थानात एकाच रात्री झालेली पहिली खानेसुमारी १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्याआधी १८७१-७२ च्या सुमारास ती वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वेळी झाली होती. पुढे दर दहा वर्षांनी हा सोहळा ठरलेला. ब्रिटिश मुलखाबरोबर बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद ही संस्थानेही आपापल्या यंत्रणेने ती करीत.

कामाची पद्धत अशी. आधी घराघरावर गेरूने किंवा डांबराने क्रमांक घालायचे. गावचा तलाठी, शाळामास्तर, कारकून अशा लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाकडे तीस-पन्नास घरांचा एक तुकडा द्यायचा. त्याने काही आठवडे आधी घरोघर जाऊन छापील वहीत काळ्या शाईने माणसे लिहायची. ठरलेल्या रात्री दिवा घेऊन पुन्हा तीच घरे फिरायची. कुणी मेला असेल, परगावी गेला असेल तर नाव खोडायचे. पाहुणा आला असेल, मूल जन्मले असेल तर ते लाल शाईने भरायचे. धर्मशाळा, रेल्वे स्टेशने, बंदरातली गलबते यांचीही मोजणी त्याच रात्री. म्हणजे घरातून रागावून निघालेला माणूस त्या रात्री कुठल्या धर्मशाळेत झोपला असेल, तर तिथेही कुणीतरी त्याला उठवून नाव विचारले असण्याचा पुरेपूर संभव आहे.

१९३१ च्या वहीत असे अठरा रकाने होते. नाव, धर्म, जात, वय, विवाहित की अविवाहित की विधवा, धंदा, जन्माचा जिल्हा, मातृभाषा, लिहिता-वाचता येते का, इंग्रजी येते का, वगैरे. वंशावळ लिहिणाऱ्याला याहून अधिक काय हवे? नावाच्या रकान्याबाबत मात्र एक सूचना होती, ती वाचून मी बराच वेळ थांबलो. घरातल्या बाईचे नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल तर आग्रह धरू नये, नुसते "स्त्री" असे लिहावे. म्हणजे ज्या वहीत परांगदा झालेल्या माणसाचे नाव दुसऱ्या कुठल्या तरी गावी लिहिले गेले असेल, त्याच वहीत त्याची बायको आपल्याच घरी बसून निनावी मोजली गेली असेल. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात अर्थातच "विवाहित".

मग या वह्यांचे झाले काय? सरकारला माणूस नको होता, बेरीज हवी होती. १९०१ पासून प्रत्येक माणसामागे एक छोटी चिठ्ठी करण्याची पद्धत आली. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळे, तिच्यावरच्या छापील खुणेवरून स्त्री की पुरुष, विवाहित की विधवा हे कळे. कारकून त्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या खणांत टाकत आणि मोजत. बेरजेला नावाची गरजच नव्हती. तक्ते छापून झाले की वह्या आणि चिठ्ठ्या दोन्ही रद्दीत. इंग्लंडमध्ये त्याच काळातले घरोघरचे कागद जपले गेले, आपल्याकडचे गेले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने वैयक्तिक नोंदी कुणालाही पाहायला बंदच केल्या. गोपनीयतेसाठी ते योग्यच आहे. पण इंग्लंडात शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत बहात्तर वर्षांनी नावे खुली होतात, तशी काही मुदत आपल्या कायद्यात नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून देशभर "नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर" उतरवून घेतले गेले. आसामात त्याचे पुढे काय झाले ते आपण बातम्यांत वाचले आहे. महाराष्ट्रात २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा तपासायच्या कागदांच्या यादीत कोतवाल बुक, खासरा पाहणी पत्रक, शाळांची प्रवेश रजिस्टरे यांच्याबरोबर हे १९५१ चे रजिस्टरही होते. त्या वादात कुणाची बाजू कुठली, हा इथला विषय नाही. पण त्या निमित्ताने तालुक्याच्या कचेऱ्यांतली दप्तरे झटकली गेली, मोडी वाचणारी माणसे शोधून आणली गेली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुनी पाने चढली. ज्यांचे मूळ गाव मराठवाड्यात आहे अशा हैदराबादकर मंडळींनी ती एकदा चाळावीत. कोतवाल बुक म्हणजे गावनमुना १४. गावच्या कोतवालाने ठेवलेली ती जन्म-मृत्यूची वही. मूळ गाव महाराष्ट्रात कुठेही असो, तिची नक्कल तहसील कार्यालयात अर्ज करून मिळू शकते, आणि परांगदा म्हटलेला माणूस दोन कोसांवरच्या गावी वारल्याचे तिच्यात निघू शकते.

आता छापील अहवालांकडे येऊ. त्यांत नावे नाहीत म्हणून बहुतेक जण ते उघडतच नाहीत. माझे मत उलट आहे. शोध सुरू करायचा तर तिथूनच करावा, कारण माणूस कुठे गेला असेल हे आधी आकडे सांगतात.

आपल्या बडोद्याचेच घ्या. संस्थानाची लोकसंख्या १८९१ साली २४,१५,३९६ होती. १९०१ साली ती १९,५२,६९२ भरली. एका दशकात ४,६२,७०४ माणसे कमी, म्हणजे जवळजवळ एकोणीस टक्के. मध्ये काय झाले ते गुजरातेत अजूनही "छप्पनियो" या एका शब्दात सांगतात. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. पाठोपाठ पटकी आणि ताप. हे सगळे साडेचार लाख मेले असे मुळीच नाही. कित्येक जण संस्थानाबाहेर पडले आणि परतले नाहीत, शिवाय त्या वर्षांत जन्मही घटले. घरातली दंतकथा जर म्हणत असेल की "आपले काका १९०० च्या आसपास नाहीसे झाले", तर त्यांचे नाहीसे होणे हा फक्त घरगुती प्रसंग नाही. त्या वर्षांत बडोद्याच्या पेठेत आणि खेड्यात कित्येक घरांतून कुणी ना कुणी नाहीसे झाले होते. भाऊबंदकीच्या भांडणाची गोष्ट कदाचित नंतर जोडलेली असेल. उपासमारीने घर सोडले हे सांगण्यापेक्षा रागाने सोडले हे सांगायला सोपे जाते.

अहवालातला दुसरा कामाचा भाग म्हणजे जन्मस्थानाचा तक्ता. कुठल्या जिल्ह्यात जन्मलेली किती माणसे कुठे मोजली गेली, हे त्यात असते. त्या काळच्या मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा होता, हे त्यातूनच कळते. कोकणातले घर असेल आणि माणूस "वर गेला" असे सांगत असतील तर पहिला कयास मुंबईचा करावा. आणि त्याच मुंबईची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला आणि शहर ओस पडू लागले. गिरणीत गेलेला, खोलीवर एकटा राहणारा तरुण त्या साथीत गेला तर गावी पत्र लिहिणारे कोण होते? अशा वेळी महापालिकेच्या मृत्यूनोंदी पाहणे हा पुढचा टप्पा. वर्ष आणि विभाग माहीत नसेल तर त्या समुद्रात हात घालू नये. अहवाल आपल्याला ते वर्ष आणि तो विभाग देतात. हे अहवाल आता भारताच्या जनगणना कार्यालयाच्या डिजिटल ग्रंथालयात आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद यांचे स्वतंत्र खंड आहेत.

नावानिशी खानेसुमारी हवीच असेल तर माणूस समुद्रापार गेला असला पाहिजे. आपल्याकडे तशी माणसे वाटतात त्यापेक्षा जास्त निघतात. रत्नागिरी आणि गोव्याकडचे खलाशी, आचारी, बटलर इंग्रजी आगबोटींवर पिढ्यान्पिढ्या जात होते. इंग्लंडची खानेसुमारी बंदरातल्या बोटींवरही होत असे. तिच्या रात्री लक्षात ठेवा: ३ एप्रिल १८८१, ५ एप्रिल १८९१, ३१ मार्च १९०१, २ एप्रिल १९११ आणि १९ जून १९२१. त्या रात्री लंडनच्या गोदीत नांगरलेल्या बोटीवर असलेला माणूस नाव, वय आणि हुद्द्यासकट सापडू शकतो. १९३१ ची पाने १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ साली युद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही, त्यामुळे ती वीस वर्षे कोरी. ती थोडीफार भरून काढायला १९३९ चे युद्धकालीन रजिस्टर आहे. अमेरिकेत १९५० पर्यंतची पाने खुली आहेत, पण १८९० ची बहुतेक जळालेली.

शोधताना मात्र मराठी नावाचा हट्ट सोडावा लागतो. इंग्रज कारकुनाने कानाला जे ऐकू आले ते लिहिले. "विठू"चे काय झाले असेल ते तुम्हीच दहा प्रकारे लिहून पाहा. आडनाव बहुधा नसतेच, वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते. डॉ. रखमाबाई १८८९ ते १८९४ या काळात लंडनला वैद्यकी शिकत होत्या. १८९१ ची खानेसुमारी याच मुदतीतली. पण त्यांना "राऊत" या नावाने शोधू लागलो तर हाती काही लागणार नाही, कारण तिथे त्या नुसत्या "रुख्माबाई" होत्या. म्हणून आधी जन्मस्थान "इंडिया" किंवा "बॉम्बे" असे घालावे, वय पाच वर्षे मागेपुढे धरावे, धंदा घालावा आणि नाव सगळ्यात शेवटी. वयावर तर अजिबात भिस्त ठेवू नये. आपल्या पूर्वजांना वय विचारले की ते तीस, पस्तीस, चाळीस असेच सांगत. खानेसुमारीचे अधिकारी दर अहवालात या गोळाबेरजेवर वैतागलेले दिसतात.

आणि काही माणसांनी नाव मुद्दामच टाकलेले असते. पांडुरंग खानखोजे वर्ध्याकडचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते घराबाहेर पडले, अमेरिकेत शेतकी शिकले, गदर चळवळीत गेले, पहिल्या महायुद्धात वेश आणि नाव बदलून इराणात वावरले आणि शेवटी मेक्सिकोत शेतीशास्त्राचे अध्यापक झाले. मक्यावरच्या त्यांच्या कामाची तिथे आठवण आहे. स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. ते परत आले म्हणून ही कथा आपल्याला ठाऊक. न येणाऱ्यांच्या घरी "परांगदा" एवढाच शब्द उरला.

कोकणातल्या घरांनी मॉरिशस विसरू नये. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारावर तिथे उतरले. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसे बरीच होती. आजही तिथे गणपती वाजतगाजत निघतो तो त्यांच्यामुळे. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे आणि रजिस्टरात नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव-परगणा-जिल्हा, उंची, अंगावरची खूण आणि बोटीचे नाव लिहिले जाई. पुढे पुढे फोटोसुद्धा. ही रजिस्टरे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. आपल्या खानेसुमारीने जे टाकून दिले ते साखर मळ्याच्या हिशेबासाठी तिथे जपले गेले, कारण पळून गेलेला मजूर शोधायला मालकाला ते हवे होते. हेतू काही फार चांगला नव्हता, पण आज त्याच कागदामुळे तिथली मराठी मंडळी आपले गाव शोधत रत्नागिरीला येतात. आपल्याकडून उलट दिशेने शोध घेणारे मात्र विरळा.

"बसऱ्याच्या लढाईत गेले" असे ज्या घरात सांगतात, त्यांचे काम त्या मानाने सोपे आहे. कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाची यादी संकेतस्थळावर फुकट शोधता येते आणि हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. एकशेतिसरी, एकशेदहावी आणि एकशेसतरावी मराठा पलटण कुतच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि कैदेतल्या वाटचालीत कित्येक शिपाई वाळवंटात संपले. त्यांच्या घरी कित्येक वर्षे काही कळले नसेल तर नवल नाही. बेळगावच्या मंडळींना हे सांगायला नको, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र त्यांच्या दारातच आहे. इंग्रजी नोंदीत गावाचे नाव इतके मोडलेले असते की तालुका धरूनच ओळखावे लागते.

सगळे करून झाले आणि काही हाती लागले नाही, तर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक गाठावे. खरे म्हणजे हे आधीच करावे. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात. मूळ गाव आणि कुळ सांगितले की उपाध्ये पोथीसारखी वही काढतात आणि आपल्या घरातला कोण, केव्हा, कुणाबरोबर आला होता ते वाचून दाखवतात. जुनी पाने मोडीत असतात. कित्येकदा मजकूर येणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो. परांगदा माणसाच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. घर सोडल्यानंतरच्या सालात तो स्वतः येऊन गेला आहे का? नंतर आलेल्या भावांनी नावे लिहिताना त्याला हयात धरले आहे की मृत? आणि त्याच्या मुलांची नावे कुठल्या वेगळ्या गावाखाली लागली आहेत का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडलेला माणूसही पितरांसाठी एकदा गोदावरीवर येतोच, आणि तिथे त्याला बापाचे आणि आजोबांचे खरे नाव सांगावे लागते.

वाचन झाल्यावर उपाध्ये वही आपल्यापुढे सरकवतात आणि आताच्या पिढीची नावे लिहायला सांगतात. तेव्हा मुली, सुना आणि त्या परांगदा पणजोबांची बायकोही लिहा. तिचे नाव घरात कुणाला आठवत नसेल तर निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारून घ्या. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही.